काहीच न करण्याची परीक्षा

निंजा नावाचा एक छोटेखानी प्रोग्रॅम आहे. गूगलमधले इव्हान मार्टिन यांनी तो क्रोम ब्राउझरचं काम करताना लिहिला. क्रोमच्या सोर्स कोडमध्ये हजारो फायली आहेत. त्यातली एखादी बदलली, की तिच्यापायी आणखी कोणकोणत्या फायली नव्याने कंपाइल कराव्या लागतील ते शोधायचं आणि तेवढ्याच करून घ्यायच्या, हे निंजाचं काम. सगळं बांधून झाल्यावर कशालाही हात न लावता पुन्हा तीच आज्ञा दिली, तर निंजा एका ओळीत उत्तर देतो : ‘नो वर्क टू डू’. करण्यासारखं काही नाही.

हे उत्तर खरं कशावरून मानायचं? समजा, एक फाइल बदलली होती आणि निंजाच्या ते ध्यानातच आलं नाही. तरी पडद्यावर हीच ओळ उमटेल. ना लाल अक्षरं, ना इशारा. हिशेबाच्या प्रोग्रॅमने बेरीज चुकवली तर आकडा चुकतो आणि कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेला येतो. इथे बरोबर आणि चूक ही दोन्ही उत्तरं अक्षरशः एकच आहेत.

निंजा, मेक, सीमेक, मेसॉन, बेझल अशा प्रोग्रॅमना ‘बिल्ड सिस्टिम’ म्हणतात. लिहिलेल्या कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बांधून देणं हे त्यांचं उघड दिसणारं काम. पण त्यांची सगळी हुशारी खर्च होते ती काय करायची गरज नाही हे ओळखण्यात. त्यामुळे त्यांची परीक्षा घेताना केलेल्या कामाइतकंच न केलेलं कामही तपासावं लागतं, आणि तेच जास्त अवघड असतं.

वाया गेलेली सकाळ

या जातीचा मूळपुरुष म्हणजे ‘मेक’. त्याचा जन्म १९७६ सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत वैतागून आले. अख्खी सकाळ ते एका प्रोग्रॅममधली चूक शोधत होते, आणि ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती. फक्त दुरुस्त केलेली फाइल कंपाइल करायची राहिली होती. चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. फेल्डमन स्वतःही आदल्या संध्याकाळी अशाच घोळात अडकले होते. त्यांनी त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ लिहून काढला. या कामासाठी २००३चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मिळाला. लिनक्सचं कर्नल आजही मेकच्याच आधाराने बांधलं जातं.

मेकचा नियम सोपा आहे. कोणती वस्तू कशापासून बनते ते प्रोग्रॅमर ‘मेकफाइल’मध्ये लिहून ठेवतो. बनलेल्या फायलीवरची वेळ आणि ती ज्यांपासून बनते त्या फायलींवरची वेळ मेक ताडून पाहतो. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा असेल, तर पुन्हा बनवायचं. नाहीतर सोडून द्यायचं.

दिवाळी अंक छापून होत आला असताना एका लेखात चूक सापडली, तर कोणी अख्खा अंक पुन्हा छापत नाही. तेवढा सोळा पानांचा फर्मा बदलतात. पण दुरुस्तीमुळे लेख एका पानाने वाढला असेल, तर अनुक्रमणिकेचा फर्माही बदलावा लागतो. तो राहून गेला तरी बांधणी व्यवस्थित होते, अंक दुकानात जातो, आणि वाचकाला अनुक्रमणिकेत दिलेल्या पानावर भलतीच कथा सापडते. सॉफ्टवेअरमध्ये अनुक्रमणिकेसारख्या अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या फायली शेकड्यांनी असतात, आणि दुरुस्त्या दिवसभर चालू असतात.

यात दोन प्रकारे चूक होऊ शकते. गरज नसताना पुन्हा बांधलं, तर वेळ जातो. लोक कुरकुरतात, म्हणजे चूक लक्षात तरी येते. गरज असताना बांधलं नाही, तर जॉन्सन यांची सकाळ जशी गेली तशी आपली जाते. बिल्ड सिस्टिमवरचा विश्वास उडाला की माणसं तोडगा काढतात : जुनं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून बांधायचं. पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात काही विचित्र घडलं की शेजारच्या टेबलावरून पहिला सल्ला येतो, ‘क्लीन बिल्ड मारून बघ.’ तो बऱ्याचदा लागूही पडतो. पण मग बिल्ड सिस्टिम ठेवायचीच कशाला?

तीन फायलींचा प्रकल्प

बिल्ड सिस्टिमची स्वयंचलित चाचणी जवळून पाहिली तर तिचा साचा असा दिसतो. चाचणीचा प्रोग्रॅम एक रिकामं तात्पुरतं फोल्डर तयार करतो आणि त्यात एक चिमुकला प्रकल्प मांडतो : ‘मुख्य’ आणि ‘गणित’ या सी भाषेतल्या दोन फायली, आणि दोघींनीही वापरलेली ‘गणित’ची हेडर फाइल. मग तो बिल्ड सिस्टिमला एकेक प्रसंगात घालतो.

पहिला प्रसंग : सगळं बांध. प्रोग्रॅम तयार झाला का, चालतो का? दुसरा : काहीही न बदलता पुन्हा बांध. आता एकही आज्ञा चालता कामा नये. तिसरा : ‘गणित’ बदल. एक फाइल कंपाइल व्हायला हवी आणि शेवटची जोडणी पुन्हा व्हायला हवी. ‘मुख्य’ला हातही लागता कामा नये. चौथा : हेडर बदल. आता दोन्ही फायली कंपाइल झाल्याच पाहिजेत. हेडरचं नातं मेकफाइलमध्ये हाताने लिहायला माणसं विसरतात, म्हणून जीसीसीसारखे कंपायलर कुठल्या हेडर उघडल्या त्याची यादी स्वतःच लिहून देतात आणि बिल्ड सिस्टिम ती वाचते. पाचवा प्रसंग याच यादीला अडचणीत आणतो : हेडर काढून टाक आणि कोडमधला तिचा उल्लेखही काढ. कोड आता बिनचूक आहे, पण जुन्या यादीत त्या हेडरचं नाव अजून आहे. बेसावध बिल्ड सिस्टिम इथे ‘ही फाइल कशी बनवायची ते माहीत नाही’ म्हणून अडून बसते.

सहावा प्रसंग : फाइल एकही बदलू नकोस, फक्त कंपायलरला द्यायचा पर्याय बदल. इथे निरनिराळ्या साधनांचे स्वभाव दिसतात. साधा मेक फक्त फायलींच्या वेळा पाहतो, त्यामुळे त्याला पत्ताच लागत नाही. निंजा प्रत्येक आज्ञेचा ठसा आपल्या नोंदवहीत ठेवतो. आज्ञा बदलली की वस्तू पुन्हा बनवतो. बेझल वेळेऐवजी फायलीतला मजकूरच ताडून पाहतो, म्हणून नुसती तारीख बदलून त्याला फसवता येत नाही.

सातवा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : काम अर्ध्यावर मोडू दे. एखादी आज्ञा निम्मी फाइल लिहून कोसळली, तर ती निम्मी फाइल डिस्कवर उरते, आणि तिच्यावरची वेळ अगदी ताजी असते. पुढच्या खेपेला मेक वेळा पाहतो आणि सगळं अद्ययावत असल्याचं जाहीर करतो. अपुरी वस्तू पूर्ण म्हणून खपून जाते. जीएनयू मेकमध्ये आज्ञा फसल्यावर अशी फाइल पुसून टाकण्याची सोय आहे, पण ती मेकफाइलमध्ये मागून घ्यावी लागते. त्यामुळे ‘बिल्ड फुटलं’ एवढं तपासून चाचणी संपत नाही. फुटल्यावर लगेच पुन्हा बांधायला सांगायचं आणि ते पुन्हा फुटतं ना, हे पाहायचं.

मेसॉन या बिल्ड सिस्टिमच्या भांडारात अशा चिमुकल्या प्रकल्पांचं एक मोठं फोल्डर आहे. त्यातला एक विभाग खास नापास होणाऱ्या प्रकल्पांचा : हे बांधले गेले नाहीत, तरच चाचणी पास. मात्र नुसतं नापास होणं पुरत नाही. प्रत्येक प्रकल्पासोबत अपेक्षित त्रुटी-संदेशही लिहून ठेवलेला असतो. प्रकल्प भलत्याच कारणाने फुटला, तर चाचणी ते मान्य करत नाही. ही काटेकोर वृत्ती किती मोलाची आहे ते पुढे दिसेलच.

घड्याळाचा घोळ

या चाचण्या चालवताना एक अनपेक्षित अडचण येते : यंत्र फार वेगवान आहे. माणूस फाइल बदलून पुन्हा बिल्ड लावेपर्यंत निदान काही सेकंद जातात. चाचणीचा प्रोग्रॅम हेच काम काही मिलिसेकंदांत उरकतो. आणि फायलींवरच्या वेळा सगळीकडे इतक्या बारीक नोंदल्या जात नाहीत. डिस्कवर फायली मांडण्याच्या जुन्या फॅट पद्धतीत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. लिनक्सच्या ईएक्सटी-३मध्ये आणि मॅकच्या एचएफएस-प्लसमध्ये एका सेकंदाच्या. दोन घटना एकाच टप्प्यात झाल्या, तर कच्चा माल आणि पक्का माल यांच्या वेळा सारख्याच दिसतात आणि बदल नजरेतून निसटतो. चाचणी कधी पास, कधी नापास, असा लपंडाव सुरू होतो.

यावरचा सरळसोट उपाय म्हणजे थांबणं. ऑटोमेक या बिल्ड-साधनाच्या चाचण्यांमध्ये फाइल बदलण्याआधी वेळेचा टप्पा ओलांडेपर्यंत डुलकी घ्यायची पद्धत आहे. एका चाचणीला सेकंद-दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. शेकडो चाचण्यांना मात्र त्याने घाम फुटतो.

निंजाने वेगळी वाट धरली. त्याच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये खरी डिस्क नसतेच. स्मृतीत एक लुटुपुटुची डिस्क असते आणि तिचं घड्याळ चाचणी लिहिणाऱ्याच्या हातात असतं. ‘टिक’ म्हटलं की वेळ एका घराने पुढे सरकते. कंपायलरही लुटुपुटुचा : तो काही कंपाइल करत नाही, कोणती आज्ञा चालवायला सांगितली एवढंच टिपून ठेवतो. शेवटी चाचणी ती नोंद उघडून मोजते. एक आज्ञा अपेक्षित होती आणि दोन निघाल्या, तर नापास. शून्य अपेक्षित होत्या, तर नोंद कोरी हवी. ‘काही केलं नाही’ हे अशा रीतीने मोजता येण्याजोगं होतं, तेही डुलकी न घेता. अर्थात लुटुपुटुच्या डिस्कवर खऱ्या डिस्कचे चाळे घडत नाहीत, म्हणून निंजाकडे खराखुरा प्रोग्रॅम चालवून पाहणाऱ्या चाचण्याही आहेत.

ऱ्या, आणि क्रमाचं कोडं

खऱ्या डिस्कचा एक चाळा तर मराठी अक्षरालाच भिडतो. ‘पायऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. दिसायला दोन्ही सारखे. बाइट मात्र वेगवेगळे. एचएफएस-प्लस ही मॅकची जुनी फाइल-पद्धत नावं साठवताना अशी चिन्हं सुटी करून ठेवत असे. म्हणजे बिल्डच्या यादीत एकसंध ‘ऱ’ असलेलं नाव लिहिलं असेल आणि फोल्डर वाचल्यावर सुट्या ‘ऱ’चं नाव हाती येत असेल, तर बाइट ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. म्हणून चांगल्या चाचणीसंचात एक तरी प्रकल्प देवनागरी, जपानी किंवा जर्मन उमलाउटवाल्या नावांचा असावा, आणि एक रिकाम्या जागेचा. जीएनयू मेकमध्ये तर नावात रिकामी जागा आली की एका नावाची दोन नावं होतात. मेसॉनच्या चाचण्यांच्या फोल्डरच्या नावातच रिकामी जागा आहे, त्यामुळे ही परीक्षा तिथे प्रत्येक चाचणीगणिक आपोआप होते.

दुसरा चाळा क्रमाचा. आठ गाभ्यांच्या यंत्रावर आठ कामं एकदम चालवता येतात, पण त्यासाठी कोणतं काम कोणाआधी व्हायला हवं ते बिनचूक सांगितलेलं असावं लागतं. एका नियमाने ‘आउट’ फोल्डर तयार करायचं आणि दुसऱ्याने त्यात फाइल ठेवायची, असं समजा. दुसरा नियम पहिल्यावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये लिहायचं राहिलं, तरी एकेक काम क्रमाने चालतं तोवर वर्षानुवर्षं कोणाला शंका येत नाही. समांतर चालवलं की कधीतरी दुसरा पहिल्याच्या आधी पोचतो आणि बिल्ड फुटतं. पुन्हा चालवलं की बरोबर होतं! ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या जीएनयू मेक ४.४ने यासाठी ‘शफल’ हा पर्याय दिला. मेक कामांचा क्रम मुद्दाम पिसतो किंवा सरळ उलटा करतो. अवलंबित्व नीट लिहिलेलं असेल तर क्रम पिसल्याने काहीच बिघडत नाही. बिघडलं तर नियमातली फट उघडी पडते. फसल्यावर मेक त्या पिसण्याचा क्रमांकही छापतो, म्हणजे तोच प्रसंग हवा तेव्हा पुन्हा उभा करता येतो.

कसोटीचा दगड

हातांनी रचलेले प्रसंग कितीही घेतले तरी ते माणसाला सुचलेले असतात. न सुचलेल्यांसाठी एक भक्कम कसोटी आहे. थोडं थोडं बदलत बांधलेलं आणि सगळं पुसून पहिल्यापासून बांधलेलं, या दोन्हींतून निघालेलं सॉफ्टवेअर सारखंच असलं पाहिजे. मग प्रकल्प यंत्राकडूनच वेडेवाकडे रचून घेता येतात : शंभर फायली, त्यांच्यात कशीही नाती. कोणतीही फाइल बदल, पुसून टाक, नाव बदल, आणि दर पावलाला दोन्ही बिल्ड ताडून पाहा. बरोबर उत्तर काय ते माणसाने आधी सांगायची गरज उरत नाही. क्लीन बिल्ड हेच उत्तर.

यात मेख एवढीच, की एकच कोड दोनदा बांधला तर दोन्ही वेळा तेच बाइट मिळायला हवेत. बऱ्याचदा मिळत नाहीत. कोणी प्रोग्रॅममध्ये बांधणीची तारीख-वेळ कोरतं, कोणी फोल्डरचा पत्ता, आणि कुठे फायलींचा क्रम डिस्कच्या मर्जीवर सोडलेला असतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी २०१३पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांची यंत्रं एकेक पॅकेज दोनदा बांधतात, आणि दुसऱ्या खेपेला आजूबाजूचं जग बदलतात : वेगळी तारीख, वेगळा टाइमझोन, वेगळी भाषा, वेगळं यजमान-नाव. ‘डिसऑर्डर-एफएस’ नावाची एक फाइल-पद्धत तर फोल्डरमधली नावं मुद्दाम उलटसुलट क्रमाने देते. दोन बिल्डमध्ये एका बाइटाचा जरी फरक पडला, तरी ‘डिफोस्कोप’ नावाचा प्रोग्रॅम तो फरक पापुद्रे सोलत दाखवतो.

जीसीसी हा कंपायलर याच कसोटीचा जुना उपासक. आधी उपलब्ध असलेल्या कंपायलरने तो स्वतःला बांधतो. जे बनलं त्याने पुन्हा स्वतःला. आणि त्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या फायली जुळल्या नाहीत, तर बांधणी तिथेच थांबते.

एका टिंबाची गोष्ट

बिल्डमधली गडबड किती महाग पडू शकते हे २०२४मध्ये जगाने पाहिलं. पोस्टग्रेस डेटाबेसचे एक विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या साधनाने लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. खोदत गेल्यावर ‘एक्सझेड’ या फाइल दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. २९ मार्चला त्यांनी तो जाहीर केला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या सहदेखभालकर्त्याने विषारी भाग चाचण्यांसाठीच्या नमुना-फायलींमध्ये दडवला होता. तो बाहेर काढून प्रोग्रॅममध्ये मिसळणारी बिल्ड-लिपी सार्वजनिक भांडारात नव्हती. फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. शिवाय इंटेल-एएमडी जातीच्या ६४ बिटी लिनक्सवर, डेबियन किंवा रेडहॅट पद्धतीचं पॅकेज बांधलं जात असेल तरच ती जागी होत असे. विकसक आपल्या यंत्रावर रोज जे बिल्ड लावतात, त्यात काहीच घडत नव्हतं.

या प्रकरणाची चर्चा चोरदरवाजाभोवती झाली, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे ती एक छोटी बाब. ‘लँडलॉक’ ही लिनक्सची एक सुरक्षा-सोय आहे : प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला फायलींपासून दूर कोंडून घेतो. ही सोय यंत्रावर आहे का, ते एक्सझेड बांधताना सीमेक एक इवलासा प्रोग्रॅम कंपाइल करून ठरवतो. झाला तर आहे, नाही झाला तर नाही. त्याच ‘जिया टॅन’ने या इवल्याशा प्रोग्रॅममध्ये एका ओळीवर एकटंच टिंब ठेवलं. टिंबामुळे तो सी भाषेच्या व्याकरणात बसेना, म्हणून कुठल्याच यंत्रावर कंपाइल होईना. सीमेकने निष्कर्ष काढला : इथे लँडलॉक नाही. बिल्ड पुढे सरकलं, सगळं पास झालं, आणि सुरक्षा-सोय गुपचूप बंद राहिली. सीमेकचं गणित बिनचूक होतं. ‘नाही’ हे उत्तर भलत्याच कारणाने आलं होतं, आणि ते कारण तपासणारं कोणी नव्हतं.

मेसॉनच्या नापास विभागात त्रुटी-संदेश का ताडून पाहतात, ते इथे कळतं. ‘काम नाही’, ‘सोय नाही’, ‘चूक नाही’ : बिल्ड सिस्टिम दिवसभर अशी नकारार्थी उत्तरं देत असते आणि आपण ती वाचतही नाही. म्हणून अशा प्रत्येक उत्तराची एक उलट बाजू चाचणीत हवी. जिथे लँडलॉक नक्की आहे असं एक यंत्र रोजच्या चाचण्यांत असावं, आणि तिथे ‘नाही’ आलं तर बिल्ड फुटावं. ‘काही बांधायचं नाही’ तपासणाऱ्या चाचणीशेजारी ‘आता बांधलंच पाहिजे’ तपासणारी चाचणी असावी. आणि नवी चाचणी लिहिली, की तिच्यावर भरवसा टाकण्याआधी बिल्ड मुद्दाम बिघडवून पाहावं : हेडरचं नातं खोडायचं, एक टिंब घालायचं. तेव्हा ती चाचणी नापास झाली नाही, तर ती इतके दिवस काहीच तपासत नव्हती असं समजावं.